तुरुंगात न गेलेला माणूस

वसंता गेला त्याला आता पाच आठवडे होतील. बातमी आली तेव्हा मी दाढी करत होतो. आमच्याकडे फोन नाही, खालच्या वाण्याकडे येतो. वाण्याने जिन्यातूनच हाक मारली, मी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून खाली गेलो, आणि पलीकडून कोणीतरी म्हणालं, वसंतराव गेले, पहाटे, झोपेतच. मी "बरं" म्हणालो. अशा वेळी तोंडातून काहीही निघतं, माझ्या तोंडातून "बरं" निघालं... वर येऊन मी उरलेली दाढी केली. सुमन, माझी बायको, हुंदके देऊन रडायला लागली, पण मला काही रडू आलं नाही. ते दुसऱ्या दिवशी आलं, आणि कशामुळे आलं हे सांगायचीही लाज वाटते. पेपरात त्याच्यावर अख्खा कॉलम होता, फोटोसकट. 'तुरुंग सुधारणेचे माजी सल्लागार.' मी अडतीस वर्षं सरकारची नोकरी इमानेइतबारे केली, आणि उद्या मी गेलो तर दोन ओळीसुद्धा छापून यायच्या नाहीत, हे मनात आलं आणि डोळे भरले. पहिलं पाणी माझ्यासाठीच आलं. वसंतासाठीचं नंतर आलं.

पुरवणीवाल्यांनी सांगितलंय की तुम्ही त्यांचे बालमित्र, चार हृद्य आठवणी लिहा. लिहितो. पण मला त्याचा हेवा वाटायचा, जन्मभर वाटला, आणि तो हेवा वगळून लिहायला बसलो तर माझ्याजवळ त्याच्याबद्दल फारसं काही उरत नाही. दोन महिन्यांपूर्वी मी निवृत्त झालो, त्यामुळे आता कोणी माझ्यावर कारवाईचा कागद काढेल ही भीतीही नाही.

घाटकोपरला आमची बिऱ्हाडं एकाच चाळीत, भिंतीला भिंत लागून. दोघांचेही वडील कोकणातून आलेले, एकाच गिरणीत, एकाच पाळीला. मी अभ्यासू. वसंता हुशार होता असं सगळे म्हणायचे, पण पहिल्या पाचात मी यायचो, तो नाही. तरी चाळीत कुणाचं काही अडलं की हाक त्यालाच. नळावर भांडण झालं, वसंताला बोलवा. कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत, वसंताला बसवा, तो बोलतो चांगलं. माझी स्वतःची आई म्हणायची, "प्रभाकर, जरा वसंतासारखा माणसांत मिसळत जा रे." लग्नानंतर तेच वाक्य सुमनने उचललं. म्हणजे बघा, आधी आईने आणि मग बायकोने त्याच माणसाचा दाखला दिला.

मॅट्रिकनंतर मी सरकारी नोकरीत चिकटलो. तो कॉलेजात गेला, तिथून कुठल्या कुठल्या बैठकांना जायला लागला, आणि एक दिवस घरातून जो गेला तो दोन वर्षं दिसलाच नाही. कळलं ते पोलीस चौकशीला आले तेव्हा. राज्याच्या पूर्वेकडच्या जंगलात, जमीनदारांविरुद्ध बंदुका उचललेल्या लोकांत तो होता. वसंता त्याला 'दल' म्हणायचा, आमच्या फायलींत त्याला 'टोळी' म्हणत. त्यांनी बंदुका पळवायला एका पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात एक शिपाई मेला. गोळी वसंताने झाडली नव्हती. तो खाली रस्त्यावर पहाऱ्याला उभा होता, आणि कोर्टानेही ते मान्य केलं. पण तो तिथे होता. त्याला सात वर्षं तुरुंगात काढावी लागली.

खरं सांगायचं तर ती सात वर्षं मला बरी गेली. दोन बढत्या मिळाल्या. चाळीत लोक काही विचारायला माझ्याकडे यायला लागले. वसंताची आई, माई, दर महिन्याला पोस्टकार्ड घेऊन माझ्या दारात उभी राहायची, कारण तिला लिहिता येत नव्हतं. "लिही रे पभ्या," म्हणायची, "माझो झील काय चोर नाय, ह्या त्या साहेबाकपण लिही." मी लिहायचो, वाचून दाखवायचो, ती पदराने डोळे पुसायची आणि मला म्हणायची, तू होतास म्हणून. हे वाक्य ऐकायला मी पोस्टकार्डाची वाट बघायला लागलो होतो. माझ्या आयुष्यात एवढा काळ तो कधीच माझ्या मागे नव्हता.

तो सुटून आला, केस पिकलेले, दोन दाढा नाहीत, आणि आल्या आठवड्यात चाळीतल्या पोरांना कॅरम शिकवायला बसला. नंतर पंतनगरला खोली घेऊन माईला तिकडे घेऊन गेला. सुटून आलेल्या कैद्यांना काम मिळवून देणं, त्यांच्या बायकांना परत नांदायला लावणं, असले उद्योग त्याने सुरू केले. तोवर माझ्याकडे खात्यात तुरुंगांच्या फायली आल्या होत्या. अकरा वर्षं मी त्या सांभाळल्या. कुठल्या तुरुंगात किती बराकी, पाण्याची टाकी कधीची, वॉर्डरच्या बुटांचा प्रस्ताव कुठे अडलाय, झोपेतून उठवून विचारा. सुधारणांवर मी टिपण्यांमागून टिपण्या लिहिल्या. तुरुंगात मात्र एकदाच गेलो होतो, तपासणी पथकाबरोबर, आणि तेही अधीक्षकांच्या खोलीत चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं खाऊन परत आलो होतो.

सरकारने तुरुंगांसाठी सल्लागार नेमायचं ठरवलं तेव्हा ती जागा माझ्यासाठीच निघाली असं मी धरूनच चाललो. उपसचिवही एकदा बोलता बोलता म्हणाले होते, "या विषयातलं तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?" मी घरी येऊन सुमनला सांगितलं, आणि तिने शिरासुद्धा केला. आठवड्याने फाईल माझ्या टेबलावर आली ती अभिप्रायासाठी. प्रस्तावित नाव वसंताचं. मी किती वेळ त्या नावाकडे बघत बसलो होतो कोण जाणे... शिपायाने येऊन पंखा बंद केला तेव्हा ऑफिस सुटल्याचं कळलं.

मी अडीच पानांची टिपणी लिहिली. जी व्यक्ती शासनाविरुद्ध शस्त्र घेऊन उभी राहिली तिनेच शासनाला सल्ला द्यावा काय? उद्या प्रत्येक सुटलेला कैदी पदाची अपेक्षा करणार नाही काय? ज्यांची माणसं मेली त्यांना काय वाटेल? तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांनी कालच्या कैद्याला आज सलाम ठोकायचा काय? आजही ती टिपणी कोणी वाचली तर त्यात खोडून काढण्यासारखं फारसं नाही, आणि माझ्या मते हे सगळे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण मुद्दे खरे असले तरी लिहिणारा खोटा होता. माझं नाव प्रस्तावित असतं तर यातला एकही प्रश्न मला सुचला नसता. वरून फाईल परत आली, माझ्या अडीच पानांखाली एक ओळ. 'पाहिले. ज्याने भोगले त्यास विचारावे. नियुक्ती करावी.'

वसंता ऑफिसात आला तो पायात चपला आणि खांद्याला शबनम. त्याला जिन्याखालची लहानशी खोली दिली होती. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "काय पभ्या! आता तू सरकार नि मी पण सरकार. वाट लागली रे सरकारची!" सगळे हसले, मीही हसलो. महिन्याभरात शिपाई त्याच्या खोलीत डबा खायला बसायला लागले. मी त्या मजल्यावर वीस वर्षं बसत होतो, एकही शिपाई माझ्या टेबलाशी कामाशिवाय थांबल्याचं मला आठवत नाही.

त्याच्याबरोबर पहिल्या तुरुंगभेटीला मीच गेलो, कागद सांभाळायला. मुलाखतीची खोली बघायची होती. मी त्या खोलीवर तीनदा टिपणी लिहिली होती, चुना आणि दोन पंखे हवेत म्हणून. लांबलचक खोली, मध्ये एकापाठोपाठ दोन जाळ्या, दोन्हींत हातभर अंतर, एका बाजूला कैदी, दुसऱ्या बाजूला घरचे, आणि सगळे एकाच वेळी ओरडतायत. वसंता कैद्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने अधीक्षकांना म्हणाला, "साहेब, यातली एक जाळी काढता येईल का? माझी आई दर वेळी घाटकोपरवरून यायची. मला नुसतं तिचं तोंड हलताना दिसायचं. घरी आल्यावर मी तिला विचारलं, सात वर्षं काय बोलत होतीस, तर तिला आठवेना." अधीक्षकांनी वहीत टिपून घेतलं. माझ्या चुन्या-पंख्यांचं कधी कोणी टिपून घेतलं नव्हतं.

त्या दिवशी मी एक वेड्यासारखी गोष्ट केली. रिकामी कोठडी बघताना मी आत गेलो आणि वॉर्डरला म्हणालो, दार लावा जरा, मला बघू दे. दार लागलं. मी भिंतीला टेकून बसलो, पाच-सात मिनिटं. ओल, फिनाईलचा वास, वर एक झरोका. वसंता गजांबाहेर बिडी ओढत उभा. मला म्हणाला, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, "भयंकर." तो हसला. "नाही रे पभ्या. तुला ठाऊक आहे ना दार उघडणार आहे, मग तुला काय कळणार?" त्याने सहज म्हटलं, टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नव्हता. पण मला ते लागलं. अकरा वर्षांच्या फायली एकीकडे आणि त्याचं ते एक वाक्य एकीकडे. मला त्याच्या खुर्चीचा हेवा वाटत होता, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. त्या दिवशी परतताना जीपमध्ये मला त्याच्या तुरुंगाचा हेवा वाटला.

मग जे केलं ते सांगतो. त्या जुन्या खटल्याच्या कागदांत मेलेल्या शिपायाच्या पत्नीचा पत्ता होता. शेवंताबाई, नवरा गेल्यापासून मुलुंडला राहायच्या, एका शाळेत आया म्हणून काम करायच्या. एका शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गेलो. बाई नुकत्या शाळेतून आल्या होत्या, पायही धुतले नव्हते. मी खात्याचं नाव सांगितलं तसं त्यांनी घाईघाईने खुर्ची पुसली. मला वाटतं त्यांना वाटलं असावं, सरकारने इतक्या वर्षांनी कुणाला तरी पाठवलं. मी म्हणालो, तुमच्या यजमानांवर ज्यांनी हल्ला केला त्यांच्यातला एकजण आता सरकारी सल्लागार आहे, सरकारी जीपमधून फिरतो, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगायला आलो. बाईंनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नाही."

"तेच तर," मी म्हणालो. "तुम्ही अर्ज करा."

"तुम्ही का आलात पण? तुमचं कोण गेलं होतं?"

मी म्हणालो, "माणुसकी म्हणून." हा शब्द मी उच्चारला, त्या घरात, भिंतीवर टोपी घातलेल्या त्या शिपायाचा हार घातलेला फोटो असताना.

अर्ज मी सांगितला, बाईंनी सावकाश लिहिला. मी चांगला मुद्देसूद सांगितला, आणि सवयीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, सगळ्यात वर संदर्भ म्हणून आमच्या फायलीचा क्रमांकही सांगून गेलो. तो क्रमांक खात्याबाहेरच्या कुणालाही ठाऊक असणं शक्य नाही. अर्ज सांगणारा फाईल सांभाळणाराच आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला ते परतीच्या वाटेवर, मुलुंड स्टेशनच्या पुलावर आठवलं... मागे जाऊन अर्ज परत मागावा असं वाटलं. पण मी गेलो नाही. तेव्हाही मला अर्जाची भीती नव्हती, पकडलं जायची होती.

अर्ज आला, आणि नियमाप्रमाणे ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडे खुलाशासाठी गेला. वसंताने खुलासा दिला नाही. तो मुलुंडला गेला. बाईंनी त्याला घरात घेतलं नाही. दोघे चाळीच्या गॅलरीत उभ्याउभ्या बोलले, हे त्यानेच मला दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सांगितलं. "पभ्या, ती बाई म्हणाली, तुम्ही पद सोडलं म्हणून माझा माणूस येत नाही, ठेवलं म्हणूनही येत नाही. पण मला आधी विचारायला हवं होतं. बरोबर आहे रे तिचं. मी दहा जणांना विचारलं, हे पद घेऊ का. तिला विचारायचं मला सुचलंच नाही." त्याने चहा तसाच ठेवला. त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. त्यात दोन शिफारशी होत्या. एक, असल्या गुन्ह्यातून सुटलेल्या माणसाला सरकारने जरूर कामाला घ्यावं, त्याला आतलं कळतं, पण मेलेल्याच्या घरच्यांना आधी विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि दोन, आपल्या जागी खात्यातले एक अनुभवी अधिकारी नेमावेत. खाली माझं नाव होतं.

फाईल माझ्या टेबलावर आली तेव्हा मी आधी अर्जच काढून बघितला. वरच्या संदर्भाच्या ओळीवर जाड काळ्या शाईचा पट्टा ओढलेला होता, एक आकडाही दिसू नये असा. कुणी दौत सांडली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण सांडलेली शाई पट्टी लावल्यासारखी सरळ जात नाही. सरकारी कागदावर खाडाखोड करणं हा गुन्हा आहे, आणि तुरुंगातून आलेल्या माणसाला तो किती महागात पडला असता हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मी त्याला विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

जिन्याखालच्या खोलीत मी पावणेदोन वर्षं बसलो. चुना लागला, पंखे लागले. जाळीची फाईल सुरक्षेच्या शेऱ्यासह माझ्याकडे आली. मी 'विचाराधीन' लिहून ठेवून दिली, कारण जाळी काढली असती तर लोक म्हणाले असते, ही वसंतरावांची सूचना. ती अजून तशीच आहे. शिपाई माझ्या खोलीत डबा खायला आले नाहीत. पुढे ते पदच रद्द झालं आणि ते रद्द झाल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वसंता मात्र दर रविवारी मला घरी बोलवायचा, मासे आणायचा, माई रांधायची, आणि मी जायचो. दुपारभर आम्ही गप्पा मारायचो, फायलींविषयी मात्र दोघेही कधी बोललो नाही. मला वाटायचं, त्याला कळलं नसावं. किंवा कळलं असावं. दोन्ही वाटायचं, आणि तरी मी जेवायचो.

तेराव्यानंतर मी माईला भेटायला गेलो. ती आता ऐंशीच्या घरात आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, पण पावलं ओळखते. म्हणाली, "त्याच्या खोलीत बस जा." मी त्याच्या खोलीत आजवर कधी एकटा बसलो नव्हतो. कॉट, चार पुस्तकं, खुंटीला शर्ट. मला रडू यायला लागलं, खरोखरचं, आणि माईला ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लोटून कडी चाचपली. कडी नव्हती. बोल्ट नव्हता, कोयंडाही नव्हता, नुसती स्क्रूची भोकं होती आणि त्यात साबण भरलेला होता. मागे माई येऊन उभी राहिली होती.

"आल्या दिवशीच काढून टाकल्यान," ती म्हणाली. "तो म्हणालो, माझ्या खोलीचा दार कधी बंद व्हता नये. ज्याका येवचा तेना येवचा."

मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तेका सगळा ठाऊक होता, पभ्या. मुलुंडच्या त्या बायेन सांगितल्यान तेका, तुमचेच एक साहेब इले होते म्हणान. तो माका म्हणालो, पभ्याक कळू देव नको, नायतर तो येवचो बंद होतलो."

खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की हा माणूस यातही माझ्या पुढेच गेला. मी त्याचं जे काही घेतलं ते त्याने मला घेऊ दिलं होतं.

रविवारी मी अजून जातो. माईला दिसत नाही म्हणून पेपर वाचून दाखवतो, आणि निघण्याआधी त्याच्या खोलीपाशी जातो. दाराला नुसतं बोट लावलं तरी ते उघडतं. दर खेपेला मी बाहेर थोडा थांबतो, आणि दर खेपेला मला वाटतं, आज तरी हे माझ्यासाठी आतून बंद असावं.